शरीरातला रिसीव्हर: नॉईज फिगरच्या आधी झोपेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका कॉलेजात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा पेसमेकरसारख्या, शरीरात बसवायच्या उपकरणासाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातला रिसीव्हर डिझाइन करतोय. सिम्युलेशनमध्ये नॉईज फिगर (रिसीव्हर सिग्नलमध्ये स्वतःचा किती नॉईज मिसळतो त्याचं माप) ३ डीबी, म्हणजे डेसिबल आली, वीज ४०० मायक्रोवॉट. गाईड म्हणतात १०० च्या खाली आण. तो विचारतो: आर्किटेक्चर (रिसीव्हरची मांडणी) कोणतं घेऊ, आणि चिप १८० नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरांची करू की ६५ च्या?

दोन्हींची उत्तरं देते, पण आधी मला सांग, तुझा रिसीव्हर दिवसातून किती वेळ चालू राहणार आहे? तुझ्या प्रश्नात हा आकडा नाही, गाईडच्या अटीतही नाही. मी बावीस वर्षं रेडिओच्या चिपा करतेय, त्यातली शेवटची बारा शरीरात जाणाऱ्या उपकरणांसाठी. या दुसऱ्या कामात नॉईज फिगरवरून कोणाची चिप परत आलेली मी पाहिली नाही. परत आल्या त्या झोपेतल्या करंटवरून, म्हणजे चिप काही न करता नुसती वाट बघत असताना पिते त्या करंटवरून.

हिशेब बॅटरीपासून धर. कॉलरबोनखाली बसवतात त्या नेहमीच्या पेसमेकरची बॅटरी १ अँपिअर-अवरची समज. दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास. भागाकार केला की सरासरी ११.४ मायक्रोअँप हातात येतात. त्यातच हृदयाला ठोके द्यायचे, हृदयाचा सिग्नल सतत वाचायचा, कंट्रोलर चालवायचा, आणि उरलं तर रेडिओ. आता मायक्रासारखा बिनतारेचा, थेट हृदयाच्या आत बसणारा पेसमेकर घे. अख्ख्या उपकरणाचं आकारमान ०.८ घनसेंटिमीटर आणि बॅटरी १२० मिलिअँप-अवर. दहा वर्षांवर पसरली तर सरासरी १.३७ मायक्रोअँप. एवढ्यात सगळा संसार.

तुझा ४०० मायक्रोवॉटचा रिसीव्हर १ व्होल्टवर ४०० मायक्रोअँप घेतो. सतत चालू ठेवलास तर मोठी, १ अँपिअर-अवरची बॅटरी १०४ दिवसांत झोपेल. गाईडचं ऐकून १०० केलेस तर ४१७ दिवसांत. दोन्ही नापास. पेशंटला वर्ष-सव्वा वर्षाने पुन्हा टेबलावर घ्यायचं असेल तर उपकरण बसवायचंच कशाला?

दुसऱ्या टोकाने बघ. पेशंट वर्षातून दोनदा तपासणीला येतो, डॉक्टर पंधरा मिनिटं प्रोग्रॅमर, म्हणजे उपकरणाशी रेडिओवरून बोलणारं बाहेरचं यंत्र, जोडून बसतात. दहा वर्षांत झाले पाच तास. या पाच तासांत ४०० मायक्रोअँपचा रिसीव्हर २ मिलिअँप-अवर खाईल आणि १०० चा ०.५. म्हणजे तुझ्या वर्षभराच्या मेहनतीने वाचले दीड मिलिअँप-अवर. उरलेले ८७,५९५ तास रिसीव्हर एकच काम करतो: कोणी हाक मारतंय का, हे मधूनमधून बघणं. खरं डिझाइन त्या तासांचं आहे.

(गाईडची बाजूही सांगते, नाहीतर तू त्यांच्याशी भांडशील. चालू असतानाचा करंट एका कारणासाठी खरोखर महत्त्वाचा असतो, आणि ते कारण सरासरी नसून शिखर आहे. १९७२ पासून पेसमेकरमध्ये वापरात आलेली लिथियम-आयोडीन बॅटरी विश्वासू आहे, पण तिचा अंतर्गत रोध वापराबरोबर चढत जातो आणि शेवटी काही किलोओहमवर पोचतो. ५ किलोओहममधून ४०० मायक्रोअँप ओढलेस की २ व्होल्ट तिथेच गळाले; २.८ व्होल्टच्या बॅटरीत मग राहिलं काय? काही मिलिअँप पिणारा रेडिओ अशा बॅटरीवर थेट चालतच नाही. मध्ये कपॅसिटर साठा म्हणून ठेवावा लागतो किंवा कार्बन मोनोफ्लोराइडसारखी दुसरी बॅटरी घ्यावी लागते. तेव्हा तुझे ४०० मायक्रोअँप कोणत्या बॅटरीतून येणार, हे थिसिसच्या पहिल्या प्रकरणात लिही.)

आता हाक ऐकण्याकडे येऊ. सोपा मार्ग म्हणजे मुख्य रिसीव्हर दर सेकंदाला क्षणभर उघडायचा. बाजारातल्या वैद्यकीय रेडिओ चिपा चालू असताना साधारण ५ मिलिअँप घेतात. दर सेकंदाला ०.२ मिलिसेकंद कान लावला तर सरासरी १ मायक्रोअँप. वाईट वाटत नाही ना? पण रिसीव्हरला नेमकी फ्रिक्वेन्सी देणारा क्रिस्टल ओसिलेटर बटण दाबल्याबरोबर स्थिर होत नाही. त्याला दोनेक मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्याचा ड्रायव्हर, समज, अर्धा मिलिअँप पीत बसतो. गुणाकार कर: आणखी १ मायक्रोअँप. ऐकण्याला जेवढी वीज गेली तेवढीच ऐकायला उठण्यात गेली. तू रिसीव्हर कितीही काटकसरीचा केलास तरी हा दुसरा मायक्रोअँप तसाच राहतो, कारण तो तुझ्या ब्लॉकमध्ये नाहीच. तो शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या ब्लॉकमध्ये आहे. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण इथे अडखळतो.

म्हणून हाक ऐकणाऱ्या सर्किटला क्रिस्टल लागताच कामा नये. जुन्या वाड्यांचा दिंडी दरवाजा आठव. आल्यागेल्यासाठी मोठा दरवाजा कोणी उघडत नसे. त्यातल्या छोट्या दारातून बघायचं कोण आहे, आणि पालखी असली तरच अडसर काढायचा. झारलिंक कंपनीच्या झेडएल७०१०२ या चिपेने हेच केलं. माहितीची देवाणघेवाण ४०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, पण उठवण्याची हाक २.४५ गिगाहर्ट्‌झवर, आणि तिच्यासाठी वेगळा, अगदी साधा रिसीव्हर. सरासरी झोपेचा करंट ३०० नॅनोअँपच्या आत. २.४५ का? शरीरात तर ही फ्रिक्वेन्सी जास्त मरते: स्नायूत ४०३ मेगाहर्ट्‌झला सेंटिमीटरमागे सुमारे १.७ डीबी जातात, तर २.४५ गिगाहर्ट्‌झला ३.९. पण तिथे बाहेरचा प्रोग्रॅमर कितीतरी मोठ्याने ओरडू शकतो. ४०२ ते ४०५ मध्ये त्याच्यावरही २५ मायक्रोवॉटची मर्यादा आहे. बाहेर वीज भिंतीतून येते, आत ती ऑपरेशन करून येते. जे ओझं बाहेर ढकलता येईल ते बाहेर ढकल.

आणखी एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. दर सेकंदालाच का उठायचं? स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं होतं म्हणून आम्ही वर्षभर एका सेकंदाला धरून बसलो होतो. मग एका कार्डिऑलॉजिस्टना विचारलं, तर ते म्हणाले, प्रोग्रॅमर सुरू करून पेशंटचं नाव टाइप करेपर्यंतच अर्धा मिनिट जातं. आणीबाणीत काय? आणीबाणीत ते छातीवर लोहचुंबक ठेवतात. त्याने कॉलरबोनखालचा नेहमीचा पेसमेकर ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतो, रेडिओची वाट बघत नाही. एका सेकंदाचे पाच सेकंद केले आणि ऐकण्याचा खर्च पाचपट खाली आला. एकही ट्रान्झिस्टर न बदलता. डॉक्टरांना असले प्रश्न विचारायला लाजू नकोस.

आता खोट्या हाका. सगळ्यांत जास्त घाम मला यांनीच गाळायला लावला आहे. तुझा पहारेकरी, म्हणजे हाक ऐकणारं ते छोटं सर्किट, २५० नॅनोअँपचा आहे, छान. पण तो चुकून उठला की मुख्य रिसीव्हर, समजा, ५ मिलिअँपने २० मिलिसेकंद चालतो आणि कोणीच नाही म्हणून झोपतो. एका चुकीला १०० मायक्रोकूलॉम. मिनिटाला अशी एक चूक झाली तर सरासरी १.६७ मायक्रोअँप. वरचा १.३७ चा आकडा आठव. मिनिटाला एक खोटी हाक, आणि बिनतारेच्या पेसमेकरचं अख्खं बजेट गेलं, ठोके द्यायच्या आधी. पहारेकऱ्याचा करंट आणखी ५० नॅनोअँपने कमी करण्यापेक्षा त्याला माणसं ओळखायला शिकवणं फायद्याचं. हाकेत नुसती शक्ती बघू नकोस, ठरलेला बिटक्रम बघ. त्यात शून्य आणि एक समसमान ठेव म्हणजे वायफायचा लांबलचक धबधबा हाकेसारखा दिसणार नाही. आणि पहिला संशय आल्यावर थेट मोठा दरवाजा उघडू नकोस, आधी कोडचा दुसरा तुकडा तपास.

हे प्रयोगशाळेत कळत नाही. शील्डरूममध्ये आमच्या बोर्डने आठवडाभरात एकही खोटी हाक दिली नव्हती. मग तो मिठाच्या पाण्याच्या डब्यात बुडवून, लॉगर लावून मी पिशवीत घातला आणि वनाजहून रामवाडीच्या मेट्रोत बसायला गेले. बसायला म्हणजे, प्रयत्न केला. पाण्याचा डबा, त्यातून बाहेर आलेल्या वायरी आणि लुकलुकणारा दिवा बघून सुरक्षेच्या बाईंनी मला जी वागणूक दिली त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं पत्र घेऊन गेले. गच्च भरलेल्या डब्यात प्रत्येकाच्या कानात ब्लूटूथ, वर फोनचं वायफाय. मोजणी वाढली, पण आटोक्यात होती. सगळ्यांत वाईट जागा निघाली ती आमचंच कॅन्टीन, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या शेजारची खुर्ची. ओव्हनची शक्ती विजेच्या फ्रिक्वेन्सीने चालू-बंद होते, आणि आमच्या त्या वेळच्या कोडची लय दुर्दैवाने तिच्या आसपास होती. कोड बदलला.

खोट्या हाका मुद्दाम मारणारेही असतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरशी (हृदयाची लय बिघडली की शॉक देणारं उपकरण) रेडिओवरून परवानगीशिवाय बोलून दाखवलं. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डिफिब्रिलेटरची वायरलेस सोय त्यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये बंद करून घेतली होती, हेही नंतर बाहेर आलं. लोकांना यात मारेकरी दिसतो. रिसीव्हर डिझाइन करणाऱ्याला बॅटरी दिसायला हवी. सेटिंग बदलायची गरजच नाही. नुसतं परत परत उठवत राहिलं तरी वर्षं कमी होतात. म्हणून ठरावीक वेळात किती हाकांना उत्तर द्यायचं याची मर्यादा हार्डवेअरमध्येच ठेव.

बरं, आता तुझी नॉईज फिगर. तुला ३ डीबीचा अभिमान असणार, आणि सिम्युलेशनमध्ये का होईना, ४०० मायक्रोवॉटमध्ये ती काढणं सोपं नाही. पण ती तुला नको आहे. हिशेब कर. प्रोग्रॅमरची शक्ती २५ मायक्रोवॉट, म्हणजे उणे १६ डीबीएम (एका मिलिवॉटच्या मानाने डेसिबल). २ मीटर मोकळ्या हवेत ३१ डीबी गेले. शरीरातली छोटी अँटेना आणि भोवतालचं मांस मिळून ३० धर. उपकरणागणिक कमीजास्त होतं. पोचले उणे ७७. इकडे ३०० किलोहर्ट्‌झच्या चॅनेलमधला औष्णिक नॉईज उणे ११९ डीबीएम. त्यावर १० डीबीची नॉईज फिगर आणि बिट ओळखायला १२ डीबी मिळव: उणे ९७. तरी २० डीबी शिल्लक, पेशंट कुशीवर वळला, मध्ये कोणी उभं राहिलं तर त्यासाठी. ३ डीबीची फिगर १० केलीस तर गुणोत्तर २ वरून १० वर जातं. त्यातला रिसीव्हरचा स्वतःचा वाटा १ वरून ९ वर. पहिल्या अँप्लिफायरचा ट्रान्सकंडक्टन्स (इनपुट व्होल्टेजमागे किती करंट हलतो) साधारण नऊपट कमी चालेल, आणि ट्रान्झिस्टर थ्रेशोल्डखाली, म्हणजे पूर्ण न उघडता, चालवत असशील तर करंटही त्याच प्रमाणात. गाईडचे १०० मायक्रोवॉट इथेच मिळाले.

आमच्याकडे एक जण नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरवर प्रोजेक्ट करून आला होता. ४५ मीटरच्या तीस डिश, आणि तिथल्या लोकांना एकेका केल्विनसाठी झगडताना त्याने पाहिलेलं. त्यामुळे १० डीबी ऐकल्यावर त्याचा चेहरा दूध नासल्यासारखा झाला. त्याला सांगितलं ते तुलाही सांगते. त्यांची अँटेना थंड आकाशाकडे बघते, म्हणून रिसीव्हरने मिसळलेला नॉईज लगेच डोळ्यांवर येतो. तुझी अँटेना ३७ अंशांच्या मांसात रुतलेली आहे. ती जे ऐकते त्याचंच तापमान ३१० केल्विन. आणि तुझा सिग्नल काही आकाशगंगेपलीकडून येत नाही. तो खाटेशेजारच्या टेबलावरून येतो.

पट्ट्याबद्दल थोडं. अमेरिकेने तो १९९९ मध्ये या कामासाठी उघडला आणि २००९ मध्ये ४०१ ते ४०६ असा रुंदावला. भारतातही ४०२ ते ४०५ मध्ये २५ मायक्रोवॉट आणि ३०० किलोहर्ट्‌झच्या मर्यादेत लायसन्स लागत नाही. मुळात मात्र हा हवामानवाल्यांचा पट्टा. फुग्याला बांधून वर सोडतात ती रेडिओसोंड यंत्रं जगभर इथेच बोलतात. शिवाजीनगरला हवामान खात्याच्या सिमला ऑफिसवरून जाताना मला दर वेळी आठवतं की आपण यांचे पोटभाडेकरू. म्हणूनच प्रोग्रॅमरला बोलण्याआधी चॅनेल १० मिलिसेकंद ऐकून तो रिकामा असल्याची खात्री करावी लागते. ऐकण्याचं हे कामही बाहेरच्याने करायचं, आतल्याने नाही. आपल्याला बरंच आहे.

आर्किटेक्चर. मुख्य रिसीव्हरसाठी लो-आयएफ (सिग्नल शून्याच्या थोड्या वर, कमी फ्रिक्वेन्सीवर आणायचा) घे, एफएसकेबरोबर (शून्य आणि एक दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींनी पाठवायचे). डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये (सिग्नल सरळ शून्यावर आणतात तिथे) चॅनेल एवढा अरुंद की कमी फ्रिक्वेन्सीला वाढणारा फ्लिकर नॉईज नेमका सिग्नलवर येऊन बसतो, आणि थ्रेशोल्डखालच्या छोट्या ट्रान्झिस्टरांत तो चांगलाच असतो. फ्रिक्वेन्सी नेमकी ठेवण्याचा धाक इथे फार नाही: नियमाला ±१०० पीपीएम (दहा लाखात शंभर) पुरतं, म्हणजे ४० किलोहर्ट्‌झ, आणि तेही शरीरातल्या उपकरणाला फक्त २५ ते ४५ अंशांमध्ये. मोबाइलवाल्यांना उणे तापमानापासून गाडीच्या डॅशबोर्डपर्यंत सगळं सांभाळावं लागतं. आपल्याला देवाने फुकटचा थर्मोस्टॅट दिलाय. याचा फायदा घेऊन बारीक समायोजन करता येणारा ओसिलेटर वापर आणि क्रिस्टलचं उठणं वाचव.

सुपर-रिजनरेटिव्हचा मोह होईल, कारण पेपरांत तो देखणा दिसतो. आर्मस्ट्राँगने १९२२ मध्ये काढलेली युक्ती: ओसिलेटरला सुरू व्हायच्या उंबरठ्यावर धरायचं आणि सिग्नल आला की तो किती लवकर सुरू होतो ते बघायचं. एका ट्रान्झिस्टरमध्ये प्रचंड गेन. २००९ मध्ये बोहोर्केझ, चंद्रकासन आणि डॉसन यांनी नेमका याच पट्ट्यासाठी ४०० मायक्रोवॉटचा असा रिसीव्हर प्रसिद्ध केला, जरूर वाच. पण त्याची निवडशक्ती कमी, शेजारच्या चॅनेलवरचा मोठा सिग्नल त्याला सहज फसवतो, आणि तो स्वतः अँटेनातून थोडा बोलतोही. पोटभाडेकरूने तसं बोलू नये. थिसिससाठी ठीक, उत्पादनात मी घालणार नाही.

पहारेकऱ्यासाठी मात्र एन्व्हलप डिटेक्टर (सिग्नलची फक्त उंची बघणारं सर्किट) आणि चालू-बंद कीइंग (सिग्नल असला की एक, नसला की शून्य), एवढंच. पुढे अँप्लिफायर ठेवायचा मोह आवर. त्याऐवजी छोटी लूप अँटेना आणि कपॅसिटर यांच्या अनुनादातून व्होल्टेज वाढव. हा गेन वीज मागत नाही. किंमत दुसरीकडे द्यावी लागते: अनुनाद जितका तीक्ष्ण तितका तो शरीराबरोबर सरकतो. स्नायूची सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो) ४०३ मेगाहर्ट्‌झला सुमारे ५७, चरबीची ५ ते ६. बारीक माणूस आणि गुबगुबीत माणूस ही तुझ्या अँटेनासाठी दोन वेगळी शहरं आहेत. चिपवर कपॅसिटरांची बँक ठेव आणि बसवल्यावर ट्यून करायची सोय ठेव. टायटॅनियमच्या डबीतून अँटेनाकडे जाणाऱ्या फीडथ्रूचे दोन-चार पिकोफॅरड विसरू नकोस. इनपुटवरच्या संरक्षक डायोडांचेही. पेशंटला कधीतरी बाहेरून डिफिब्रिलेटरचा शॉक बसेल, तेव्हा ते डायोड हवेतच.

स्नायू प्रयोगशाळेत आणायचा कसा? साखर, मीठ आणि पाणी. साखरेने परमिटिव्हिटी उतरते, मिठाने वाहकता चढते. साखर वजनाने जवळजवळ निम्मी लागते, तेव्हा वाण्याकडून पाच किलोची पिशवी आण आणि पाणी नळाचं न घेता डिस्टिल्ड घे. प्रत्येक वेळी प्रोबने मोज. पाणी उडतं आणि कालचा स्नायू आज वेगळाच होतो. शुक्रवारी संध्याकाळी झाकण नीट लाव. सोमवारच्या मुंग्यांचा अनुभव आम्ही घेतलाय.

१८० की ६५? १८०, आणि आनंदाने. ६५ मध्ये ट्रान्झिस्टर वेगवान, पण बंद असतानाही गळतो. तुला ४०० मेगाहर्ट्‌झसाठी तो वेग नको आहे, झोपेसाठी न गळणारं दार हवंय. मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीची १८० नॅनोमीटर प्रक्रिया आहे, आणि केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेतून कॉलेजांना तिथे चिप करून घेता येते. तुझं कॉलेज त्यात आहे का विचार.

आणि सिम्युलेशन ३७ अंशांवर चालव. टूल मुकाट्याने २७ धरतं. दहा अंशांना गळती अंदाजे दुप्पट होते, म्हणजे तुझा झोपेचा आकडा आत्ताच अर्धा खोटा आहे.

आमची पहिली चिप कारखान्यातून बनून आली तेव्हा झोपेतला करंट सिम्युलेशनमध्ये ८० नॅनोअँप होता आणि टेबलावर ३ मायक्रोअँप. तीन आठवडे शोधलं. मुख्य रिसीव्हरची वीज तोडली की त्याच्या आउटपुटच्या तारा अधांतरी लटकत होत्या, आणि त्या तारा कायम चालू असलेल्या भागातल्या एका इन्व्हर्टरच्या गेटला जोडलेल्या. गेट ना वर ना खाली, दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धे उघडे, आणि करंट सरळ वाहतोय. आयसोलेशन सेल, म्हणजे भाग बंद झाला की त्याची तार ठरलेल्या पातळीला धरून ठेवणारं सर्किट, घालायची राहिली होती. राहिली माझ्याकडून. सिम्युलेटरने तो नोड गुमान शून्यावर धरला होता, म्हणून कधी दिसलं नाही. बंद होणाऱ्या प्रत्येक भागातून बाहेर पडणारी प्रत्येक तार हाताने मोज, यादी कर, आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घे.

शेवटी मोजणी, कारण ३०० नॅनोअँप मोजणं हीसुद्धा एक कलाच आहे. मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर मालिकेत लावलास तर चिप उठल्याक्षणी मीटरच्या रोधावर व्होल्टेज पडतं, चिप रीसेट होते, आणि तू दिवसभर रीसेटचा करंट मोजत बसतोस. त्यापेक्षा १० मायक्रोफॅरडचा चांगला फिल्म कपॅसिटर भरून घे, पुरवठा काढ आणि चिप त्यावर जगू दे. २५० नॅनोअँपला व्होल्टेज सेकंदाला २५ मिलिव्होल्टने उतरेल. दहा सेकंदांनी बघ. पण व्होल्टमीटर लावून ठेवू नकोस. त्याचा १० मेगाओहमचा रोध ३ व्होल्टवर ३०० नॅनोअँप खातो, म्हणजे चिपपेक्षा जास्त. सुरुवातीला एकदा टेकव, शेवटी एकदा टेकव. आधी कपॅसिटर एकटा ठेवून त्याची स्वतःची गळती मोजून घे. तपकीर गल्लीत मिळणारे सगळेच फिल्म कपॅसिटर नावाप्रमाणे वागतात असं नाही. दहा आण, त्यातले दोन निवड.

एका जुलैत आमचा आकडा रोज बदलायचा. सकाळी २९०, दुपारी ३४०, धो-धो पाऊस झाला की ४०० च्या वर. चिप बदलली, बोर्ड बदलला, तेच. शेवटी आमच्या सोल्डरिंग करणाऱ्या काकांनी बोर्ड उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, मॅडम, फ्लक्स राहिलाय. दमट हवेत तो ओलसर होऊन पुरवठ्याच्या ट्रॅकवरून ग्राउंडकडे नॅनोअँप नेत होता. आयसोप्रॉपिलने धुतला, तासभर भाजला, आणि आकडा २६० वर येऊन बसला तो हललाच नाही.

तेव्हा आधी झोपेचा करंट ३७ अंशांवर मोजायची तयारी कर, मग नॉईज फिगरच्या ग्राफला रंग दे. चिप आल्यावर आकडा कळव. आणि पावसाळ्यात मोजला असशील तर बोर्ड धुतला होतास का, तेही लिही.